जहाज बुडवण्याआधी बुडालेल्यांची नोंद करा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,



नौदलातून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात बुडवायची, तिच्या अंगावर प्रवाळ आणि भोवती मासे वाढू द्यायचे, पाण्याखाली संग्रहालय उभे करायचे आणि पर्यटकांना ते दाखवायचे, असा प्रकल्प आपल्या सरकारने हाती घेतला आहे. रणगाडे आणि सैनिक थेट पुळणीवर उतरवण्यासाठी बांधलेले हे जहाज १९८५ साली नौदलात आले आणि २०२४च्या जानेवारीत निवृत्त झाले. भंगारवाल्याच्या गॅसकटरखाली जाण्याऐवजी ते मालवण-वेंगुर्ल्याच्या पोरांना चार पैसे मिळवून देणार असेल, तर त्यात वाईट वाटण्यासारखे काहीच नाही. या प्रकल्पाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो.

माझे म्हणणे वेगळे आहे. हे जहाज बुडवण्याच्या तयारीसाठी विजयदुर्ग बंदरात आणले गेले. त्या बंदराच्या पाण्यात मराठ्यांचे एक अख्खे आरमार जळून बुडाले आहे. त्याची पद्धतशीर नोंद करून सरकारने ती लोकांसमोर ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. नवे जहाज बुडवून संग्रहालय करणाऱ्या राज्याकडे आधीच बुडालेल्या जहाजांची साधी यादीसुद्धा नसावी, ही विसंगती आपल्या कानावर घालावी म्हणून हे पत्र.

विजयदुर्गाचा प्रसंग आपल्याला ठाऊक असेलच. तरी तो पुन्हा सांगतो, कारण भाषणांत तो फारसा येत नाही. १७५५ साली नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली. त्याच वर्षी कमोडोर जेम्सच्या तोफांपुढे सुवर्णदुर्ग पडला. पुढच्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनचे आरमार विजयदुर्गासमोर येऊन उभे राहिले. सोबत रॉबर्ट क्लाइव्ह होता, आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज होती. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून उभी होती. त्यांत ‘रिस्टोरेशन’ नावाचे एक जहाजही होते. ते मूळचे ईस्ट इंडिया कंपनीचे, आंग्र्यांनी काही वर्षे आधी पकडून आपल्या ताफ्यात घेतलेले. इंग्रजांचा एक पेटता गोळा नेमका त्या जहाजावर पडला. आग एका गलबतावरून दुसऱ्यावर गेली आणि बघता बघता सगळा ताफा पेटला. किल्ला मिळावा अशी पेशव्यांची अपेक्षा होती, पण इंग्रजांनी तो स्वतःच्या ताब्यात ठेवला. पुढे त्याच वर्षी बाणकोट पदरात पाडून घेतल्यावर त्यांनी तो सोडला.

कान्होजी आंग्र्यांनी नावारूपाला आणलेल्या आरमाराचा हा शेवट आपल्याच संमतीने झाला, म्हणून तो आपल्या गौरवगाथेत बसत नाही. पण पाण्याला गौरव कळत नाही. सागवान जळून गेले, उरलेले किड्यांनी पोखरले असेल. तोफा, गोळे, नांगर, तांब्याच्या वस्तू, तळाशी टाकलेले वजनाचे दगड अशी जड सामग्री मात्र गाळाखाली शतकानुशतके टिकते. वाघोटन खाडीच्या मुखाशी गाळ काही कमी नाही. जेटी, गाळ उपसणे, भराव, नांगर टाकणे ही कामे त्याच गाळात होतात, आणि खाली काय आहे हे न पाहता झाली तर जे अडीचशेहून अधिक वर्षे टिकले ते एका हंगामात संपते.

विजयदुर्गला येणाऱ्या प्रत्येक पर्यटकाला गाईड पाण्याखालच्या भिंतीची गोष्ट सांगतो. किल्ल्यापासून थोड्या अंतरावर समुद्रात दगडी भिंत आहे, शत्रूची जहाजे तिच्यावर आपटून फुटली, असे तो रंगवून सांगतो. त्या भिंतीची पाहणी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केली आहे, त्यामुळे भिंत ही केवळ दंतकथा नव्हे. पण ऐकणाऱ्यांपैकी कोणीही पुढचा प्रश्न विचारत नाही: फुटलेली जहाजे गेली कुठे? जी गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, तिचा अर्धा पुरावा त्याच पाण्यात असायला हवा. तो शोधण्याची इच्छा कोणाला नसेल, तर ती गोष्ट फक्त टाळ्यांसाठी आहे असे म्हणावे लागेल.

२०२५च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे समुद्रातले, समुद्रकाठचे चार किल्ले आहेत. आपल्या खात्याचे त्यासाठी मनापासून अभिनंदन. पण जलदुर्ग हे आरमारासाठी होते, आरमार जलदुर्गांसाठी नव्हते. विजयदुर्गाजवळ गिर्ये गावी खडक फोडून केलेली जहाजांची गोदी आहे. जहाज कोरडे ठेवून दुरुस्त करण्याची ही सोय त्या काळच्या आंग्र्यांच्या तयारीबद्दल बुरुजांइतकेच सांगते. तट, बुरूज, गोदी आणि गोदीतून निघून समोरच्या पाण्यात जळालेली जहाजे, हे सगळे मिळून एक स्थळ होते. वारशाची हद्द भरतीच्या रेषेशी संपवली, तर आपण घराला मान देतो आणि घरातल्या माणसांना विसरतो.

आता उरलेल्या किनाऱ्याकडे या. रायगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत डोंगराच्या सोंडा समुद्रात घुसल्या आहेत. मध्ये खाड्यांची तोंडे, तोंडाशी वाळूचे दांडे, आणि पाण्यात अर्धवट डोके काढून बसलेले खडक. भरतीला ते दिसत नाहीत. पावसाळ्यात वारा आणि लाटा पश्चिमेकडून येतात, म्हणजे शिडाच्या जहाजाला ते किनाऱ्याकडेच ढकलतात. एकदा पकड सुटली की समोर खडप आणि मागे वारा. या पाण्यात अरबी गलबते आली, पोर्तुगीजांची गलिअन आली, वेंगुर्ल्यात वखार घातलेल्या डचांची जहाजे आली. मग कोकणच्या आगबोटी आल्या, ज्या बऱ्याच बंदरांत धक्क्याला लागू शकत नसत, आणि माणसांना भर समुद्रात पडावात उतरावे लागे. एवढी शतके, एवढी रहदारी, आणि असा किनारा! इथे बुडालेली जहाजे मोजकी असतील, असे कोणीही म्हणणार नाही.

शोध घेतला तर काय सापडते, याचे उदाहरण शेजारी गोव्यात आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्व विभागाने मुरगावजवळच्या सुंची रीफवर सतराव्या शतकातल्या एका जहाजाचे अवशेष तपासले. जहाजाचा सांगाडा बहुतेक नष्ट झालेला. पण खडकांच्या फटींत तोफा होत्या, चिनी मातीची भांडी होती, मार्तबान बनावटीच्या मोठ्या बरण्यांचे तुकडे होते, आणि हस्तिदंताबरोबर पाणघोड्याचे दातही होते. पाणघोडा आफ्रिकेतला, म्हणजे एकाच जहाजाच्या पोटात आफ्रिका, ब्रह्मदेश आणि चीन एकत्र होते. हे कोणत्याही बखरीत लिहिलेले नाही. ते समुद्राच्या तळाशी मिळाले, आणि मिळाले कारण कोणीतरी खाली उतरून मोजमाप घेतले.

दुसरे जहाज त्याहून आपल्या जवळचे आहे. गोव्याच्याच सेंट जॉर्ज बेटाजवळच्या खडकांत बुडालेल्या या जहाजात सोने नव्हते, तोफा नव्हत्या. भाजक्या मातीचा माल होता. छपराची कौले, कोन्यावर बसणारी कौले, पाण्याचे नळ, आणि युरोपीय पद्धतीच्या खांबांचे नक्षीदार माथे. त्या मालावर बासेल मिशनच्या कारखान्याचा छाप आणि १८६५ हे साल. मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला ते हे वर्ष. अशी मंगलोरी कौले रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी जुन्या घरांवर अजून आहेत; माजघरात उताणे पडून वर पाहिले तर एखाद्या कौलाच्या पोटावर तो छाप वाचता येतो. कोकणच्या घराचे छप्पर गवताचे होते ते कौलांचे झाले, त्या बदलाचा एक हप्ता समुद्राच्या तळाशी अडकून पडला आहे. राजेरजवाड्यांच्या इतिहासात याला ओळ मिळणार नाही. पण आमच्या घरांचा इतिहास हाच आहे.

आणि काही बुडालेल्या बोटींचा इतिहास अजून घराघरांत सांगितला जातो. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी एकाच दिवशी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी वादळात गेल्या. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काश्याच्या खडकाजवळ कलंडली. आषाढी अमावास्येच्या सणाला गावी निघालेली माणसे, बाजारहाट करून परतणारी माणसे. निघून तासभरही झाला नव्हता. लाट आली, बोट झुकली, माणसे जीव वाचवायला एका बाजूला धावली आणि त्या वजनाने ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवस-मांडव्याकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्या तिकडे वळवल्या, जमेल तितक्यांना वर ओढले. मुंबई अगदी जवळ होती, तरी तिला खबर लागली ती वाचलेली माणसे पोहत, होड्यांतून काठाला लागल्यावर. बोट वेळेवर परतली नाही म्हणून धक्क्यावर थांबलेल्या नातेवाइकांना दिवसभर काही कळले नाही. महिन्याभराने देश स्वतंत्र झाला आणि त्या जल्लोषात रायगड जिल्ह्याच्या गावागावांतले ते सुतक झाकले गेले. अलिबाग-पेणकडे आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘रामदास बुडाली त्या वर्षी’ असा काळ मोजला जातो.

‘टायटॅनिक’वर चार मित्रांत तासभर बोलणारी आमची मुले आहेत. रामदासचे नाव त्यांना विचारून पाहा. दोष मुलांचा नाही. त्यांना दाखवायला आपण एक दालन, एक अस्सल नकाशा, मृतांची एक पडताळलेली यादी तरी ठेवली आहे का?

महोदय, कायद्याकडे पाहिले तर कोंडी समजते. बुडालेले जहाज आपल्या व्यवस्थेत तीन खिडक्यांवर जाते. नौवहनाच्या कायद्याला त्यात मालकी, अडथळा आणि भंगार दिसते. नौदलाच्या जलमापन विभागाच्या सागरी नकाशांवर त्याची खूण असते, ती इतर जहाजांनी तिथून दूर राहावे म्हणून. आणि पुरातत्त्वाच्या कायद्यांना शंभर वर्षांची अट आहे. जयंती आणि तुकाराम २०२७ साली शंभरी पुरी करतील, रामदास २०४७ साली. तोवर त्या कोणाच्या? पाण्याखालच्या सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी युनेस्कोचा २००१चा करार आहे, तो २००९ पासून लागूही झाला; भारताने त्यावर अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पाण्याखालचा विभाग आहे, पण साऱ्या देशाचा किनारा त्याच्याकडे, आणि लक्ष साहजिकच द्वारकेसारख्या स्थळांकडे. कोकणाची पाळी यायला आपल्याला हाक मारावी लागेल.

‘समुद्र केंद्राचा विषय आहे,’ हे उत्तर मला अपेक्षित आहे. ते पूर्ण खरे नाही. विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला ही लहान बंदरे राज्याच्या सागरी मंडळाकडे आहेत. पुराभिलेख संचालनालय आपल्याच खात्याखाली आहे. इंग्रजी अमदानीतले बंदरांचे पत्रव्यवहार आणि पुण्याचे पेशवे दप्तर तिथेच आहेत. राज्याचे पुरातत्त्व संचालनालयही आपलेच. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, आणि किनाऱ्यावर पाण्यात उतरायला तयार असलेली पोरे आहेत. म्हणजे कागद, बंदर आणि पाणबुडे तिन्ही राज्याकडे आहेत. त्यांना एका टेबलाशी बसवायला केंद्राची परवानगी लागत नाही.

पैशाची सबबही फार चालणार नाही. श्रीलंका आपल्याहून किती लहान! १६५९ साली गॉलच्या बंदरात बुडालेल्या ‘ॲव्होंडस्टर’ या डच जहाजाचे उत्खनन त्यांनी २००१ नंतर डचांच्या मदतीने केले, त्या निमित्ताने स्वतःचे पाणबुडे पुरातत्त्वज्ञ तयार केले. २००४च्या त्सुनामीने त्यांची प्रयोगशाळा वाहून नेली, तरी काम थांबले नाही. मी तर उत्खननही मागत नाही. उलट घाईने काही वर काढू नये, असेच माझे मत आहे. समुद्रातून काढलेली लोखंडी तोफ नुसती उन्हात ठेवली तर आत मुरलेले मीठ तिला पापुद्र्या-पापुद्र्याने फोडते; ते मीठ काढायला प्रयोगशाळेत वर्षे लागतात. पायथ्याशी चौथरा बांधून रंग मारलेल्या तोफा आपण गावोगावी पाहतोच. म्हणून आधी शोध, मग नोंद, मग राखण. वर काढणे सगळ्यात शेवटी, आणि तेही जपण्याची सोय असेल तरच.

प्रत्येक बुडालेले जहाज वारसा असते, असेही मी म्हणत नाही. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज रत्नागिरीत मिऱ्याच्या बंधाऱ्याला येऊन टेकले आणि वर्षानुवर्षे तिथे गंजत राहिले. लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत. ते जहाज हलवायलाच हवे होते. त्यात तेलाचा धोका, बंधाऱ्याचे नुकसान, इतिहास काही नाही. पण कोणते जपायचे आणि कोणते भंगारात काढायचे, हे ठरवायला आधी यादी हाताशी लागते. यादी नसेल तर दोन्ही एकाच दरात जातात.

म्हणून मागणी चार गोष्टींची आहे.

पहिली, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील जहाजबुडींची सरकारी नोंदवही. पुराभिलेखागार, जुनी वृत्तपत्रे, बंदरांची दप्तरे, विम्याच्या नोंदी, पोर्तुगीज आणि डच कागद यांतून जहाजाचे नाव, काळ, माल, माणसे, बुडण्याचे कारण आणि अंदाजे ठिकाण. अर्थशास्त्र-इतिहासाचे पदव्युत्तर विद्यार्थी हे काम आनंदाने करतील. ही नोंदवही मराठीत आणि सर्वांना खुली हवी. नेमके अक्षांश-रेखांश मात्र गुप्त ठेवा, नाहीतर चोरांना आयता नकाशा मिळेल.

दुसरी, कोळी-गाबित-भंडारी मच्छीमारांना विचारा. जुने तांडेल डोंगराचे टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत आणून समुद्रातली जागा ओळखत. आताचे जीपीएसवर खूण करून ठेवतात. जिथे जाळे अडकून फाटते, ती जागा कोणताही तांडेल विसरत नाही, कारण फाटलेल्या जाळ्याचे पैसे त्याच्या खिशातून जातात. कधी त्या जाळ्यात गंजकी पट्टी येते, कधी माठाचा काठ. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी शाकारून काठावर असतात, तांडेल घरी असतो. त्या दोन महिन्यांत गावोगावी बसून ही माहिती लिहून घेता येईल. अट एकच: माहिती दिली म्हणून उद्या त्याच्या मासेमारीवर बंदी येणार नाही, असा शब्द सरकारने आधी द्यावा. तो शब्द नसेल तर कोणी तोंड उघडणार नाही, आणि उघडूही नये.

तिसरी, विजयदुर्ग बंदर, मालवणचा किनारा आणि निवतीच्या खडकांभोवतालचे पाणी यांचे पुरातत्त्वीय सर्वेक्षण. ध्वनिलहरींनी तळ पाहणारी आणि पाण्याखालचे लोखंड हुडकणारी उपकरणे गोव्याच्या संस्थेकडे आहेत, अनुभवही आहे. ‘गुलदार’साठी निवडलेल्या जागेचे असे सर्वेक्षण झाले असेल तर त्याचा अहवाल प्रसिद्ध करा. झाले नसेल तर आधी करा. आणि यापुढे कोकणच्या कोणत्याही बंदरात जेटी किंवा गाळ उपसण्याचे काम काढताना अशी पाहणी सक्तीची करा.

चौथी, तारकर्लीच्या प्रशिक्षणात पाण्याखालचे अवशेष ओळखण्याचा आणि नोंदवण्याचा अभ्यासक्रम. आज मालवणात रोज पर्यटकांना घेऊन पाण्यात उतरणारे तरुण किनाऱ्याचा तळ कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा जास्त पाहतात. त्यांना ‘पाहा, फोटो काढा, मापे घ्या, कळवा, पण उचलू नका’ एवढे शिकवले, आणि कळवणाऱ्याचे नाव नोंदवहीत सन्मानाने लिहिले, तर राज्याला फुकटचे राखणदार मिळतील. ‘गुलदार’च्या संग्रहालयात या किनाऱ्यावर बुडालेल्या जहाजांचे एक दालन ठेवले, तर त्या प्रकल्पालाही नुसत्या करमणुकीपलीकडचा अर्थ येईल.

यातली पहिली मागणी मान्य करायला फक्त एक शासन निर्णय पुरेसा आहे. तिच्यावाचून उरलेल्या तिन्ही अधांतरी राहतील. तेव्हा ही नोंदवही कोणत्या संचालनालयाकडे सोपवणार आणि तिची पहिली यादी कोणत्या तारखेला लोकांसमोर येणार, या दोन प्रश्नांची उत्तरे आपण विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात द्यावीत. ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ची शंभरी ११ नोव्हेंबर २०२७ला भरते. यादी त्या दिवसाच्या आत यावी, एवढी मुदत वाजवी आहे असे मला वाटते.



आपला,
देवगड तालुक्यातला एक मतदार